शौचतपासणीचा अहवाल स्वच्छ, हगवण मात्र तीन महिन्यांची

मांजराकाठ (धागाकर्ता)

लातूर आणि बीड जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत मी २६ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या आतड्यांतील परजीवींविषयी येथे लिहावे, असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. या एका बाबतीत आम्हा प्रयोगशाळावाल्यांकडून रुग्णाची जी दिशाभूल होते, ती हेतुपुरस्सर नसली तरी टाळता येण्यासारखी असते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी चैत्रात, साखर कारखान्यांचा पट्टा पडून (गाळप हंगाम संपून) ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परतत असताना, ३४ वर्षांच्या एका ऊसतोड कामगाराला त्याच्या बायकोने धरून आणले. हंगामाला जाताना ५२ किलो असलेले वजन ३९ वर आले होते. ताप नव्हता, रक्त पडत नव्हते. पाण्यासारखी पातळ संडास मात्र तीन महिने दिवसातून दहा-बारा वेळा होत होती. पिशवीत तीन निरनिराळ्या ठिकाणचे अहवाल होते आणि तिन्हींवर ‘ओव्हा-सिस्ट (परजीवींची अंडी आणि कोष) आढळले नाहीत’ हे ठरावीक वाक्य होते. तीनदा जंताची गोळी देऊन झाली होती. नमुना खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणला होता. कागद चाळताना तळाशी दुमडून ठेवलेले एआरटी केंद्राचे, म्हणजे एचआयव्हीवरील रोजची औषधे देणाऱ्या केंद्राचे, हिरवे पुस्तक सापडले. त्यातली शेवटची नोंद दिवाळीपूर्वीची होती.

ते पुस्तक दिसले नसते, तर चौथा ‘आढळले नाहीत’ माझ्या हातचा झाला असता, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. त्या दिवशी मीठपाण्यातल्या साध्या तपासणीवर न थांबता मी मॉडिफाइड अ‍ॅसिड-फास्ट रंजन केले, म्हणजे आम्लाने धुतल्यावरही परजीवीवर टिकणारा लाल रंग नमुन्याला दिला. हिरव्या पार्श्वभूमीवर गव्हाच्या दाण्यासारखे लांबट, टोकांकडे निमुळते, २५ ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीचे गुलाबी-लाल आकार दिसले. प्रत्येकाच्या पोटात गडद लाल गोळा, कुठे एक तर कुठे दोन. हा सिस्टोआयसोस्पोरा बेली. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव आयसोस्पोरा बेली असे आहे. त्यातील ‘बेली’ हा शब्द लॅटिनमधील युद्धवाचक शब्दावरून आला, कारण पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांमध्ये हा जीव आढळला होता.

आधीच्या तीन ठिकाणी कोणी खोटे लिहिले, असे माझे म्हणणे नाही. मीठपाण्यात या जीवाचे कवच इतके पारदर्शक दिसते की सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारे भिंग) खाली घेऊन, प्रकाश मंद करून मुद्दाम शोधले नाही तर नजर त्यावरून निघून जाते. अशीच हगवण लावणारा दुसरा परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम तर अवघा ४ ते ६ मायक्रॉनचा असतो आणि न रंगवता तो यीस्टपासून वेगळा ओळखणे जवळजवळ अशक्य असते. राहिली जंताची गोळी. अल्बेंडाझोलची एक मात्रा गोलकृमी आणि अंकुशकृमी यांच्यावर चालते. या एकपेशीय जीवांवर ती चालत नाही. ‘जंताचे औषध झाले, तपासणी झाली, काही निघाले नाही’ असे म्हणून फाइल मिटते आणि हगवण तशीच राहते.

डॉक्टरांनी को-ट्रायमोक्साझोल हे सल्फा गटातील औषध सुरू केले. पाचव्या दिवशी त्याची बायको खिडकीशी येऊन म्हणाली, “भाऊ, आता दोनदाच जायलेत, अन् भाकर मागायलेत.”

आपापल्या भागात ही रंजन-तपासणी होते का, कोण मागते आणि कोण करून देते, हे जाणकारांनी लिहावे.

बालाघाट

मी फिजिशियन असून बीड जिल्ह्यात काम करतो. धागाकर्त्यांनी मांडलेला मुद्दा योग्य आहे. त्याला वैद्यकीय बाजूने थोडी जोड देतो.

सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये २०० च्या वर असतील, तर क्रिप्टोस्पोरिडियमची हगवण बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप थांबते. २०० च्या खाली, आणि विशेषतः १०० च्या खाली गेल्यावर तोच जीव महिनोन्महिने ठाण मांडतो, कधी पित्तनलिकेतही शिरतो. मायक्रोस्पोरिडिया हाही प्रामुख्याने १०० च्या खालचाच त्रास आहे. त्याचे आतड्यात आढळणारे बीजाणू १ ते २ मायक्रॉनचे असल्यामुळे त्याला वेगळे ट्रायक्रोम रंजन लागते, आणि शास्त्रज्ञ आता त्याला बुरशीच्या गोतावळ्यात बसवतात. सायक्लोस्पोरा हा याच प्रकारचा आणखी एक परजीवी ८ ते १० मायक्रॉनचा असतो. जिआर्डिया आणि अमीबा निरोगी माणसांतही सापडतात. ते साध्या तपासणीत दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात कारण न सापडलेली, एक महिन्याहून अधिक काळ चाललेली हगवण ही एचआयव्हीची तिसरी अवस्था मानली जाते. तेवढाच काळ चाललेली क्रिप्टोस्पोरिडियमची हगवण आणि जुनाट आयसोस्पोरा संसर्ग हे मात्र चौथ्या, म्हणजे सर्वांत पुढच्या अवस्थेत मोडतात. एका काचपट्टीवर रुग्णाची अवस्था बदलू शकते, ती अशी.

नाव कळण्याचा उपयोग उपचारासाठीच आहे. सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा को-ट्रायमोक्साझोलला उत्तम प्रतिसाद देतात. मात्र सीडी-४ वाढेपर्यंत कमी मात्रेत औषध चालू ठेवावे लागते, अन्यथा सिस्टोआयसोस्पोरा हमखास परततो. क्रिप्टोस्पोरिडियमवर असे हुकमी औषध नाही. नायटाझोक्सानाइड निरोगी मुलांत गुण देते, पण प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णात एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तेथे खरा उपचार एआरटीच आहे; सीडी-४ वर चढू लागल्या की आतडे स्वतःच त्या जीवाला हुसकावते. तोपर्यंत शरीरातील पाणी आणि क्षार टिकवायचे, एवढेच आपल्या हाती असते.

एक सावधगिरीही नोंदवतो. अशा रुग्णाची प्रत्येक हगवण परजीवींचीच असते असे नाही. आतड्याचा क्षयरोग, जिवाणू, विषाणू आणि क्वचित औषधांचा दुष्परिणाम यांचाही विचार करावा लागतो. हा धागा वाचून कोणीही दुकानातून गोळ्या आणून सुरू करू नयेत. सल्फाची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते.

कोयता_आणि_वही

मी स्वतः २००९ पासून एआरटीवर आहे आणि आमच्या तालुक्यात समवयस्क समुपदेशक म्हणून काम करते. वरील ऊसतोड कामगाराच्या पुस्तकातली शेवटची नोंद दिवाळीपूर्वीची का होती, हे मला न विचारता कळते, म्हणून त्याबद्दल आधी लिहिते.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे मुकादमाच्या परवानगीविना एक दिवसही मोडता येत नाही. फड सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात असतो. पहाटे तीनला गाडी भरायला उठणाऱ्या माणसाने गोळ्या कोणाच्या देखत घ्यायच्या? कोपीत (फडावरच्या तात्पुरत्या झोपडीत) दहा माणसांच्या नजरा असतात. दोन महिन्यांच्या गोळ्या संपल्या की ‘आता गावी गेल्यावरच पाहू’ असे ठरते, आणि मधल्या काळात सीडी-४ खाली उतरतात. प्रवासात असलेल्या रुग्णाला हिरवे पुस्तक दाखवून दुसऱ्या एआरटी केंद्रावरही औषध मिळू शकते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना फडावरून शहरापर्यंत जाण्याची सवड मिळत नाही.

दुसरी अडचण समजुतीची आहे. हगवण लागली की पहिला आळ एआरटीवर येतो. ‘गोळ्या गरम पडल्या’ असे म्हणून त्या बंद केल्या जातात. वास्तविक जी गोष्ट क्रिप्टोस्पोरिडियमला हटवणार आहे, तीच आपण थांबवलेली असते.

आता माझा प्रश्न विचारते. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत टीसीएल (क्लोरिनची) पावडर टाकली जाते, जलसुरक्षक ओटी टेस्ट (पाण्यातील क्लोरिनची चाचणी) करतो आणि पाणी पिवळे झाले की आम्ही निश्चिंत होतो. हे पाणी माझ्यासारखीला निर्धोक आहे का?

मांजराकाठ

ताई, पटकी आणि विषमज्वर यांच्या जिवाणूंसाठी टीसीएल अत्यंत आवश्यक आहे आणि ते कोणीही बंद करू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचे कवच मात्र क्लोरिनच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे होते, याचा अर्थ पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे एवढाच. हा जीव मेला असा त्याचा अर्थ होत नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे आहे. १९९३ च्या वसंतात तेथील जलशुद्धीकरण केंद्रातून रीतसर क्लोरिन दिलेले पाणी नळाला गेले आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोकांना क्रिप्टोस्पोरिडियमची हगवण लागली. बहुतेक बरे झाले. जे दगावले त्यांत एड्सचे रुग्ण बहुसंख्य होते. पाणी एकच, पण पिणाऱ्याच्या शरीरानुसार परिणाम इतका वेगळा झाला.

उपाय साधा आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की ती पूर्ण एक मिनिट टिकू द्यावी. कढत होऊन भांड्याच्या कडेला बुडबुडे धरले म्हणजे उकळी आली असे नव्हे. घरातल्या सगळ्यांचे पाणी उकळायचे म्हटले की गॅसच्या टाकीचा हिशोब मांडला जातो आणि चार दिवसांत उकळणे बंद पडते, म्हणून मी नेहमी सांगत असे की फक्त रुग्णाच्या पिण्याचे चार-पाच लिटर उकळा. त्याच पातेल्यात झाकून निवू द्या आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढून घ्या. उकळलेले पाणी पुन्हा रांजणात ओतले आणि त्यात सगळ्यांचे पेले बुडाले, तर केलेली मेहनत वाया जाते.

तुरटीने गाळ बसतो आणि पाणी नितळ दिसते. नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. पंचाचे चार पदर करूनही ४ मायक्रॉनचा जीव गाळला जात नाही. विकतच्या जारचे पाणी थंड असते, यापलीकडे त्याची खात्री मी देऊ शकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. तेव्हा लोक जे मिळेल ते आणि जेथून मिळेल तेथून भरून ठेवत होते. अशा काळात ‘पाणी उकळून प्या’ असे सांगताना माझीच जीभ अडखळत असे.

ज्वारीचे_कणीस

माझ्या धाकट्या भावाला ही बाधा झाली आहे. सीडी-४ ९० आहेत आणि अहवालात क्रिप्टोस्पोरिडियम लिहिले आहे. गोठ्यात गाय आणि तिचे पंधरा दिवसांचे वासरू आहे. आईने त्याचे ताट-तांब्या वेगळे केले असून त्याला ओसरीवर झोपवले आहे. हे योग्य आहे का?

बालाघाट

ताट-तांब्या वेगळे करण्याची काहीही गरज नाही. एचआयव्ही भांड्यांतून, जेवणातून किंवा एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. भावाला ओसरीवरून आत घ्या. ज्याला दिवसातून दहा वेळा उठावे लागते, त्याची जागा संडासाजवळ असावी.

काळजी हातांची घ्यावी. क्रिप्टोस्पोरिडियम शौचातून बाहेर पडतो तेव्हाच संसर्गक्षम असतो आणि अगदी थोडी बीजे पोटात गेली तरी बाधा होऊ शकते, म्हणून संडासनंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याला पर्याय नाही. राखेने किंवा नुसत्या पाण्याने भागवू नका, आणि हातांवर चोळण्याच्या सॅनिटायझरला हा जीव फारसा जुमानत नाही. सिस्टोआयसोस्पोराचे तसे नसते. त्याला बाहेर पडल्यावर मातीत किंवा पाण्यात दिवस-दोन दिवस पक्व व्हावे लागते, त्यामुळे तो माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही.

वासराचा प्रश्न तुम्ही विचारलात, हे फार चांगले झाले. हगवण लागलेल्या लहान वासरांत क्रिप्टोस्पोरिडियमची एक जात सर्रास असते आणि ती माणसाला होते. भावाने काही महिने गोठा झाडणे, शेण काढणे आणि वासराला बोट चोखायला देणे टाळावे. दूध तापवूनच प्यावे. एआरटी एक दिवसही चुकू देऊ नका. ओआरएस वाटी-वाटीने देत राहा, आणि लघवी कमी झाली किंवा भ्रम वाटू लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तेथे सलाइन लागेल.

गोदातीर

एक शंका आहे. तपासणी मिळणे एवढे अवघड असेल, तर सीडी-४ कमी असलेल्या आणि हगवण असलेल्या प्रत्येकाला सरसकट को-ट्रायमोक्साझोल का देऊ नये? औषध स्वस्त आहे आणि यातील अनेकांना प्रतिबंधक म्हणून ते तसेही चालू असते.

मांजराकाठ

साधने नसतील तेथे डॉक्टर तसा निर्णय घेतात आणि त्यात काही गैर नाही. पण सरसकट देण्याची सवय लागली की तपासणे बंद होते. गोळीने गुण न आलेला रुग्ण मग क्रिप्टोस्पोरिडियमचा आहे, जिआर्डियाचा आहे की क्षयाचा, हे कळायला आणखी दोन महिने जातात. एक उदाहरण स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचे देतो. अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारी ही अळी माणसाच्या आतच पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकते. तिच्यावर को-ट्रायमोक्साझोलचा उपयोग नाही, आयव्हरमेक्टिन लागते.

बालाघाट

स्ट्राँगिलॉइडिसबाबत एक भर घालतो. नुसत्या एचआयव्हीपेक्षा स्टेरॉइडने ही अळी अधिक बेफाम होते आणि फुप्फुसांपर्यंत पसरते. कंबरदुखीवर बिननावाच्या पुड्या घेणारे तोड-कामगार आपण सगळेच पाहतो. अशा पुडीत स्टेरॉइड असेल, तर गाठ वेगळ्याच संकटाशी पडते. सरसकट उपचाराच्या मुद्द्यावर मात्र मी धागाकर्त्यांइतका कठोर नाही. ३९ किलोच्या रुग्णाला अहवालासाठी आठवडाभर थांबवणे मला जमणार नाही. मी नमुना घेईन आणि त्याच दिवशी औषधही सुरू करीन.

मांजराकाठ

नमुना आधी घेतलात, तर माझी तक्रार नाही.

कोयता_आणि_वही

तपासणीच्या अर्जाविषयी एक गोष्ट राहिली. रुग्ण प्रयोगशाळेत स्वतःची स्थिती सांगत नाही, कारण खिडकीशी गावातले चार जण उभे असतात. एका ठिकाणी तर माझ्या ओळखीच्या बाईच्या अर्जावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत स्थिती लिहून दिली होती. २०१७ चा एचआयव्ही प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि अशी माहिती उघड करण्यास तो मनाई करतो. मग तंत्रज्ञाला कळावे तरी कसे?

मांजराकाठ

त्याला स्थिती कळण्याची गरजच नाही. डॉक्टरांनी अर्जावर ‘शौच : मॉडिफाइड अ‍ॅसिड-फास्ट रंजन, तीन नमुने’ एवढेच लिहावे. अवयव प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णालाही हीच तपासणी सांगतात, त्यामुळे त्या ओळीवरून कोणाचे काही उघड होत नाही. तीन नमुने निरनिराळ्या दिवशीचे हवेत, कारण हे जीव रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत. बाटली कोरडी आणि रुंद तोंडाची असावी, आणि नमुन्यात लघवी मिसळू नये.

कयाधू

मी हिंगोली जिल्ह्यात कंत्राटी तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे या रंजनाचा वेगळा संच नाही. क्षयरोगाच्या थुंकी-तपासणीची द्रावणे मात्र आहेत. त्यांवर काम भागेल का?

मांजराकाठ

भागते, मी अनेक वर्षे तेच केले. पातळ थर वाळवून मिथेनॉलने पक्का करा. थुंकीच्या तपासणीचेच कार्बोल फुक्सिन घ्या, पण पट्टी तापवू नका. थंडच पंधरा मिनिटे ठेवा. फरक आम्लाचा आहे. थुंकीसाठीचे २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल येथे वापरले तर परजीवींचाही रंग निघून जातो, म्हणून १ टक्का हवे. ९६ मिली पाणी आधी घ्या आणि त्यात ते २५ टक्क्यांचे ४ मिली आम्ल हळूहळू सोडा. आम्लात पाणी कधीही ओतू नका. दोन मिनिटांनी धुऊन मिथिलीन ब्लू एक मिनिट द्या. माझ्याकडे मॅलॅकाइट ग्रीन होते म्हणून माझी पार्श्वभूमी हिरवी, तुमची निळी येईल.

यीस्ट निळे दिसेल, क्रिप्टोस्पोरिडियम लाल. सायक्लोस्पोरा लहरी आहे. शेजारी-शेजारी एक गडद लाल तर दुसरा बिनरंगी दिसतो. मापाचा अंदाज घ्यायला तांबडी रक्तपेशी सुमारे साडेसात मायक्रॉनची असते, हे डोक्यात ठेवा. पहिल्यांदा करताना माहितीतील एखादी पॉझिटिव्ह पट्टी सोबत रंगवा, नाहीतर रंजन बिघडले की नमुनाच निगेटिव्ह आहे, हे समजणार नाही.

कयाधू

आज करून पाहिले. एका रुग्णाच्या पहिल्या दोन नमुन्यांत काही नव्हते. तिसऱ्यात तेलाच्या भिंगाखाली लाल गोल ठिपके दिसले, रक्तपेशीपेक्षा लहान, काहींच्या आत बारीक कण. वरिष्ठांना दाखवले, त्यांनी क्रिप्टोस्पोरिडियम असल्याचे मान्य केले. पहिल्या दोन नमुन्यांचा अहवाल कसा लिहू? आमच्या छापील नमुन्यात ‘आढळले नाहीत’ एवढाच रकाना आहे.

मांजराकाठ

रकान्याच्या खाली हाताने पद्धत लिहा : ‘मीठपाणी आणि मॉडिफाइड अ‍ॅसिड-फास्ट, दोन्हींत आढळले नाही’. ज्या दिवशी नुसते मीठपाण्यात पाहिले असेल, त्या दिवशी तेवढेच लिहा. पुढच्या डॉक्टरला काय तपासून झाले आणि काय राहिले, हे त्यावरूनच कळते. तिसऱ्या नमुन्याची पट्टी फेकू नका. तेल पुसून डबीत ठेवा, पुढच्या वेळी तीच तुमची पॉझिटिव्ह पट्टी होईल.